मळी चाखणारा माणूस

परवा इथे शिकागोजवळ नेपरव्हिलला आम्ही दोघं एका मराठी कुटुंबाकडे जेवायला गेलो होतो. पंधरा-वीस माणसं होती. श्रीखंडाच्या वाट्या फिरत असताना कॅलिफोर्नियातल्या जुन्या दिवसांचा विषय निघाला, आणि पूर्वी सॅक्रामेंटोच्या महाराष्ट्र मंडळात असलेले एक गृहस्थ म्हणाले, "अरे यार, तो ऑलिव्हवाला म्हातारा आठवतोय का? कचऱ्याच्या पिशव्या उघडून बघायचा! काय वल्ली होता!" मग त्यांनी तो किस्सा रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले. माझा नवराही हसला. मी वाटी खाली ठेवली, कोट घातला आणि बाहेर गाडीत जाऊन बसले. नवरा मागोमाग आला. "काय झालं गं?" म्हणाला. मी म्हटलं, "घरी चल."

वल्ली हा शब्द मला सहन होत नाही. एखाद्याला एकदा वल्ली ठरवलं की त्याचं म्हणणं खरं होतं की खोटं, हे कोणी विचारत नाही. मला हे चांगलं ठाऊक आहे, कारण त्या ऑलिव्हवाल्यांना वल्ली ठरवणाऱ्यांत मीही होते, आणि तेसुद्धा सहीनिशी.

२००३ साली मी त्यांच्या हाताखाली कामाला लागले. मुंबईत तेलांचं रसायनशास्त्र शिकले होते, इथे येऊन एमएस केलं, आणि नोकरी मिळाली ती सॅक्रामेंटोच्या उत्तरेला दीड तासावर, ऑलिव्हच्या तेलाच्या कारखान्यात. चहूकडे ऑलिव्ह आणि अक्रोडाच्या बागा, मध्ये एक पत्र्याची मोठी शेड, आणि शेडमागे एक काळं तळं. नवरा वर वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये. दोघंही एच-वन व्हिसावर, म्हणजे नोकरी असेपर्यंतच इथे राहता येणार. महिन्यातून एकदा भेट, तीही विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं तर.

पहिल्या दिवशी मला त्यांच्याकडे पाठवलं तेव्हा ते शेडच्या मागे, तळ्यात सोडलेल्या नळाशी उकिडवे बसले होते. साठीच्या आसपास वय, अंगात खाकी शर्ट, बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. नळातून चहाच्या गाळासारखं पाणी येत होतं. त्यांनी स्टीलचा पेला त्याखाली धरला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला, थुंकला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे न बघताच पेला पुढे केला.

"घे. चव बघ."

"हे पाणी?"

"पाणी नाही हे. मळी आहे. घे."

मी घेतलं. जीभ आत ओढली गेल्यासारखी झाली.

"काय लागलं?"

"कडू."

"नुसतं कडू? घशात काय झालं?"

"खवखवलं."

"ते खवखवतं ना, तेच आपल्याला पाहिजे. जा आता, मशीनवर आकडा काढ. तुझ्या घशावर मी विश्वास ठेवणार नाही."

ही आमची ओळख. नाव वगैरे विचारलंच नाही.

मी त्यांना सर म्हणाले, तर म्हणाले, "मी शाळेत शिकवत नाही." काका म्हणाले, तर म्हणाले, "मी तुझ्या वडिलांचा भाऊ आहे का?" कारखान्यातले अमेरिकन त्यांना 'डॉक' म्हणायचे. प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, ते थांबवून सांगायचे की मी डॉक्टर नाही, मी सांगलीकडचा साधा बीएस्सी आहे. लोकांना वाटायचं हा विनय. तो विनय नव्हता. जे नाही ते अंगाला चिकटलेलं त्यांना खपायचं नाही. शेवटी मी चार वर्षं त्यांना नुसतं "अहो" म्हणून हाक मारली. ते "काय?" म्हणून खेकसायचे. गोड आवाजात त्यांनी कुणालाही ओ दिलेली मी ऐकली नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. ऑलिव्हचं फळ दळून तेल काढलं की तेल निघतं थोडंच. उरतो तो चोथा आणि काळं पाणी. तेलाला खवट होण्यापासून वाचवणारे पदार्थ, ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात, ते फळात भरपूर असतात, पण त्यांतले बहुतेक तेलात न उतरता या पाण्यात जातात. तेच पाणी जमिनीवर सोडलं की गवत जळतं, ओढ्यात गेलं की मासे मरतात. म्हणून कारखाने ते तळ्यात साठवून उन्हाने आटू देतात. तळ्याला वास येतो, माश्या होतात, पाऊस जास्त झाला की बांधावरून वाहतं. त्यांनी अशी रीत बसवली होती की हे पाणी गाळून, राळेच्या बारीक मण्यांनी भरलेल्या उंच नळ्यांतून सोडायचं. ते पदार्थ मण्यांना चिकटतात, मग अल्कोहोलने सोडवून घ्यायचे, आटवायचे, वाळवायचे. तपकिरी पूड मिळते. राहिलेलं पाणी अजून एकदोन टप्प्यांतून नेलं की झाडांना घालता येतं.

"दोन्ही व्हायला पाहिजे," ते म्हणायचे. "पूडही निघाली पाहिजे आणि पाणीही सुधारलं पाहिजे. एकच करायचं असेल तर मला बोलावू नका."

त्या पाण्याला ते मळी का म्हणायचे हे मला वर्षभराने कळलं. एकदा त्यांच्या जुन्या ट्रकमधून राळेची पोती आणायला गेलो होतो. बागांमधून रस्ता सरळ जात होता. मी सहज विचारलं, "तिकडे सांगलीला कुठे होतात तुम्ही?"

"साखर कारखान्यात. लॅबमध्ये." त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "डिस्टिलरीची मळी नदीत सोडायचे. एका उन्हाळ्यात मासे वर आले. पांढरे पडलेले, पोट वर. काठाकाठाने पोरं गोळा करत होती. मी रजिस्टरला खरा आकडा लिहिला होता. चेअरमन म्हणाले, खोडा. मी म्हटलं, खोडणार नाही, पाहिजे तर पान फाडा. त्यांनी पान फाडलं."

"मग?"

"मग काय? पान फाडल्यावर रजिस्टर कशाला सांभाळायचं? आलो इकडे भावाकडे."

त्या दिवसानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

आता तो कचऱ्याचा किस्सा. खरा काय झाला तो सांगते. सॅक्रामेंटोला गणपतीचं जेवण होतं. दोनशे माणसांचा स्वयंपाक. ते आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, माझ्याबरोबर आले होते. जेवणं झाल्यावर ते हॉलच्या मागच्या दारी गेले आणि काळ्या पिशव्या उघडून आत बघायला लागले. मग एक पिशवी धरून सरळ हॉलमध्ये आले आणि विचारलं, "हा भात कुणी टाकला? हात न लावलेला आहे. तीन ट्रे. कुणी टाकला?"

मंडळाचे अध्यक्ष धावत आले. "अहो काका, हेल्थचे रूल्स असतात. लेफ्टओव्हर द्यायला परमिशन नसते."

"कुणाला विचारलंत?"

"म्हणजे... असतं तसं."

"कुणाला विचारलंत ते सांगा. नाव सांगा. मी फोन करतो."

अध्यक्ष हसायला लागले. मग सगळेच. काकू खाली मान घालून बसल्या होत्या. मीही हसले होते, मला आठवतंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य ऑफिसला फोन केला. परवानगीची गरजच नव्हती, झाकून दोन तासांत नेलं की झालं. पुढच्या वर्षीपासून ते स्वतः ट्रक घेऊन यायचे आणि उरलेलं अन्न बेघरांच्या एका निवाऱ्यात पोचवायचे. किस्सा सांगणाऱ्या त्या गृहस्थांनी हा भाग परवा सांगितला नाही. त्यांना तो माहीत नसेल असं नाही. ट्रे ट्रकमध्ये चढवायला त्यांनीच हात लावला होता.

कारखान्याचा मालक वाईट माणूस वाटायचा नाही. तिसऱ्या पिढीचा ऑलिव्हवाला. बाहेरून येणाऱ्या स्वस्त तेलाने मेटाकुटीला आलेला. माझी आई आली तेव्हा त्याने तिला सगळा कारखाना हिंडून दाखवला, तेलाच्या चार बाटल्या दिल्या. आई आजही त्याचं नाव काढते. पूड निघायला लागली तेव्हा त्याने ठरवलं की हिच्या कॅप्सूल करून विकायच्या. हरकत नव्हती. पण वर्षभरात आमच्या लक्षात आलं की कॅप्सूलला लागेल तेवढंच पाणी नळ्यांतून जातंय. बाकीचं पूर्वीसारखंच तळ्यात. पाणी सुधारण्याच्या टप्प्यांची यंत्रं आणलीच नाहीत.

ते रोज सकाळी मालकाच्या दारात उभे राहायचे. "यंत्रं कधी येणार?"

"पुढच्या सीझनला, डॉक."

"मी डॉक्टर नाही. पुढचा सीझन म्हणजे कोणता महिना?"

असं दोन सीझन चाललं.

मग लेबल आलं. बाटलीवर छापलं होतं: वीस टक्के हायड्रॉक्सीटायरोसॉल. तो पुडीतला मुख्य पदार्थ. आमच्या मशीनवर तो मोजला की सात टक्के यायचा. वीस हा आकडा दुसऱ्या एका चाचणीचा होता. त्या चाचणीत द्रावण निळं होतं, आणि त्या निळ्यात हा पदार्थ, त्याची सगळी भावंडं, शिवाय इतर काय काय येतं, सगळं मिळून मोजलं जातं. गर्दी मोजायची आणि सांगायचं की एवढे सगळे म्हणजे एकटा गणपतराव. साधा खोटेपणा होता.

मालकाने विश्लेषणाचा कागद सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वीस खोडून सात लिहिलं आणि परत केला. नवा कागद आला. त्यांनी पुन्हा खोडलं. तिसरा कागद माझ्या टेबलावर आला.

मालक दार लावून बसला. आवाज अगदी प्रेमळ. "हा धंद्यातला रिवाज आहे. सगळे निळ्या चाचणीचाच आकडा छापतात. तुला माहीत आहे म्हातारा कसा आहे ते. तू समजूतदार आहेस." मग उठता उठता म्हणाला, "बाय द वे, तुझ्या ग्रीन कार्डच्या कागदांवर मला या आठवड्यात सही करायची आहे. आठवण कर मला."

त्याने धमकी दिली नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी तो कागद त्यांनी फाइलमध्ये पाहिला. लॅबमध्ये आले. मी भांडी धुत होते. ते माझ्यामागे उभे राहिले आणि म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. सही स्वच्छ वाचता येते." बस. पुढे आठवडाभर कामापुरतं बोलले. त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तरी मला कमी लागलं असतं.

लास व्हेगासला आरोग्याच्या मालाचं मोठं प्रदर्शन भरायचं. आमचा स्टॉल होता. मालकाने आम्हा दोघांना बोलावलं; मी त्याच्याबरोबर विमानाने गेले, ते आपला ट्रक घेऊन आले. स्टॉलवर पोचलो तर त्यांचा स्वतःचा पूर्ण उंचीचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा. पांढरा कोट घातलेला, हातात परीक्षानळी. फोटो कधी काढला होता कुणास ठाऊक, कोट तर त्यांनी जन्मात घातला नव्हता. छातीवर छापलं होतं डॉक्टर अमुक, आणि खाली मोठ्या आकड्यात वीस टक्के.

त्यांनी पुतळ्यावर छापलेलं सगळं वाचलं. मग शेजारच्या स्टॉलवरून जाड काळा मार्कर मागून आणला. 'डॉक्टर'वर आडवी रेघ मारली. मग वीसवर. बाजूला सात लिहिलं, आणि खाली तारीख घालून सही केली, लॅबमध्ये खाडाखोड केल्यावर करतात तशी. चार लोक थांबले. मग दहा. एका बाईने विचारलं, "हे कशाबद्दल आहे?" तर त्यांनी तिला निळी चाचणी म्हणजे काय ते शांतपणे, अगदी पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली. मालक येईपर्यंत तिथे रांग लागली होती.

त्यांना तिथल्या तिथे काढून टाकलं. हॉलच्या दोन रखवालदारांनी दारापर्यंत सोडलं. मी मागे धावले. पार्किंगमध्ये मरणाचं ऊन होतं. ते ट्रकच्या सावलीत उभे होते, आणि मला जे काही दोन महिने साठलं होतं ते सगळं माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"तुम्हाला काय झालं असं करायला? तुमचं काय जातं? तुमच्याकडे इथला पासपोर्ट आहे! घर आहे! माझी नोकरी गेली तर मला चालतं व्हावं लागेल. तुम्ही मला एकदा तरी म्हणालात का, सही करू नको म्हणून? एकदा?"

"नाही."

"का नाही?"

"तुला मोजता येत होतं. सात आला होता हे तुला माहीत होतं. मी आणखी काय सांगायचं?"

"मग आता काय करणार आहात?"

"सरकारकडे तक्रार. सगळे कागद लावून."

"त्यावर माझी सही आहे."

"आहे."

"लपवू नका," मी ओरडले. "अजिबात लपवू नका! घाला माझं नाव वर!"

ते ट्रकमध्ये बसले आणि निघून गेले. नऊ-दहा तासांचा रस्ता होता. मी मालकाबरोबर विमानाने आले.

तक्रार गेली. तीन महिन्यांनी कंपनीकडे चौकशीचं पत्र आलं आणि मालकाने वकील नेमला. वकील हुशार होता. तो आकड्यांच्या वाटेला गेलाच नाही. त्याने लोकांना भेटायला सुरुवात केली. शेडमधल्या कामगारांना भेटला. सॅक्रामेंटोला जाऊन मंडळाच्या अध्यक्षांना भेटला, आणि अध्यक्षांनी कचऱ्याच्या पिशवीचा किस्सा मनापासून हसत हसत सांगितला. त्यात काही वाईट आहे असं त्यांना वाटलंच नाही. शेवटी तो माझ्याकडे आला. त्याने टाइप करूनच आणलं होतं, मला फक्त बरोबर आहे का ते बघायचं होतं.

हा गृहस्थ कारखान्याचं सांडपाणी रोज पितो, हे खरं आहे का? पीत नाही, चव घेतो. ठीक आहे, चव घेतो असं लिहू. हा कचरा उघडून बघतो का? हो. सहकाऱ्यांवर ओरडतो का? हो. कंपनीने दिलेली पदवी नाकारतो का? स्वतःच्या फोटोची नासधूस केली का? हो. हो.

त्या कागदावर एकही वाक्य खोटं नव्हतं. पहिल्या कागदावर एक आकडा खोटा होता, तेव्हा मी पेन हातात घेऊन थोडी तरी थांबले होते. या वेळी नाही. सगळं खरंच आहे की, मी मनात म्हटलं. माझं ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यात होतं. मी सही केली आणि जेवायला गेले.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. कंपनीच्या उत्तराची प्रत तक्रारदार म्हणून त्यांना मिळाली होती. मी "हॅलो" म्हणाले आणि तिकडून तोच खेकसणारा आवाज.

"तू लिहिलंयस मी रोज चाखायचो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रोज नाही. प्रत्येक बॅचला. बॅच रोज नसायची, आठवड्याला तीन, फार तर चार. तुला माहीत आहे. वहीत आहे."

"अहो..."

"बाकीचं बरोबर आहे," म्हणाले आणि फोन ठेवला.

चौकशी बंद झाली. तक्रारीत पुरेसा पुरावा नाही आणि तक्रारदाराचा कंपनीवर वैयक्तिक राग दिसतो, असं काहीतरी पत्रात होतं. कॅप्सूल विकल्या जात राहिल्या. तळं होतं तसंच राहिलं. २००७ मध्ये माझं ग्रीन कार्ड आलं, नवऱ्याला शिकागोकडे नोकरी मिळाली आणि आम्ही नेपरव्हिलला घर घेतलं. जाण्याआधी मी त्यांना भेटले नाही. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा गाडी नेली आणि वळवली.

पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. सकाळी चहा पिताना, खुर्चीतच. काकूंचा फोन आला.

"रविवारी सॅक्रामेंटोला शोकसभा आहे," काकू म्हणाल्या. "तू ये. चार वर्षं तू त्यांच्याबरोबर होतीस. तू बोल."

"काकू, मी... तुम्हाला माहीत नाही..."

"ते कागद मी वाचलेत. मला इंग्रजी वाचता येतं. तू ये."

मी गेले. ग्रंथालयाचा हॉल होता. त्यांचा मुलगा व्हर्जिनियातल्या हर्नडनहून आला होता, तो इंग्रजीत बोलला. डॅड वॉज अ कॅरेक्टर, म्हणजे वल्लीच, म्हणाला, आणि खाली बसला. मग मंडळाचे लोक एकेक करून उठले आणि किस्से सुरू झाले. मळीचा पेला. कचऱ्याची पिशवी. लास व्हेगासचा पुतळा, जो त्यांच्यापैकी कुणी पाहिलाही नव्हता. हॉलमध्ये हशा पिकत होता. माणसं डोळे पुसत हसत होती, आणि त्यांचं प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण मला तिथे बसून दिसत होता तो वकिलाचा टाइप केलेला कागद. तेच किस्से, त्याच क्रमाने.

माझं नाव पुकारलं. मी उठून पुढे गेले आणि म्हणाले, "त्यांनी मोजलेला आकडा सात होता. तो बरोबर होता. कंपनीच्या कागदावर वीस आहे, आणि त्याखाली सही माझी आहे. त्यांची तक्रार ज्या निवेदनामुळे बुडाली त्यावरही माझीच सही आहे. ते विक्षिप्त नव्हते. ते मोजत होते, आणि आपण कुणी मोजत नव्हतो."

कुणाला काही कळलं नाही. अध्यक्ष उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इमोशनल झालीय ती, साहजिक आहे." कुणीतरी पाण्याची बाटली हातात दिली. कुणीतरी हळूच म्हणालं, "चला, जेवण गरम आहे तोवर..." आणि खुर्च्या सरकल्या.

काकू पहिल्या रांगेत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा हात धरला नाही, की बस म्हणाल्या नाहीत.

"ह्यांनी तक्रारीत तुझं नाव घातलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुझ्या सहीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि मग झेरॉक्स काढली. सगळ्या प्रतींवर. त्या ऑफिसने दोनदा पत्र पाठवून विचारलं, सही कुणाची आहे ते सांगा, नाहीतर पुढे जाता येत नाही. ह्यांनी सांगितलं नाही. मी म्हटलं, अहो, तुम्ही जन्मात कधी कागदावरचं काही झाकलं नाहीत, आता काय हे? तर म्हणाले, पोरीचा व्हिसा आहे."

मला रडू आलं नाही. आला तो संताप. त्यांना कुणी सांगितलं होतं? मी ओरडून म्हटलं होतं, घाला माझं नाव. त्या एका पट्टीपायी त्यांची तक्रार लंगडी झाली, आणि त्याच वेळी मी वकिलासमोर बसून हो, हो म्हणत होते. फोनवर आठवड्याला बॅच किती ते सांगायला त्यांना तोंड होतं, आणि हे सांगायला नव्हतं?

"त्यांनी मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, बाजूची माणसं वळून बघत होती. "काकू, त्यांनी मला एक शब्द सांगायचा होता!"

काकूंनी पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"सांगितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर दुसरी सही केली नसतीस?"

काकू उठल्या आणि लोकांना वाढायला गेल्या.